खिळा आणि खीळ

ब्रँडीवाईन नदी काठाकाठाने गोठू लागली
की शाईही आळसावते.
बुधला चुलीपाशी सरकवते मी.
काजळी, जवसाचं तेल: चौदा वर्षं हाच वास
माझ्या पावात, माझ्या उशीत.

नवरा गेला आणि छापखाना माझ्याकडे आला.
एक कुरकुरणारं लाकडी यंत्र, दोन उधाऱ्या,
आणि शिशाचे खिळे, निम्मे झिजलेले.
मला मत नाही. छापखाना आहे.

एफ्रेम थॅकस्टन आले ते बूट न झाडताच.
घटना लिहिणाऱ्या सभेत चार महिने बसून
त्यांचा एक कान गेला म्हणतात;
दुसऱ्याने ते स्वतःला ऐकतात.
कच्चा कागद खिडकीकडे धरून
त्यांनी एका शब्दावर काट मारली.

मी जुळवलं होतं: हे हक्क सरकार जनतेला देईल.
“देईल? बाई, जे त्याचं नाहीच
ते सरकार देणार कुठून?
लिहा: हिरावणार नाही.”

टोच्याने एकेक अक्षर उपसलं.
नवी ओळ मावेना. तिने खालची ढकलली,
खालचीने तिच्या खालची,
शेवटी पानच पुढच्या पानावर गेलं.
एका ‘नाही’ला
केवढी जागा लागते.

मग तक्रार माझी:
“साहेब, स्वातंत्र्याच्या पहिल्या अक्षराचे
मोठे खिळे माझ्याकडे नऊच.
तुम्ही तो शब्द लिहिलाय एकतीस वेळा.”
ते पहिल्यांदाच हसले.
“मग लहान अक्षरात असू द्या.
फक्त सरकार त्याच्याहून मोठं छापू नका.”

चुलीपाशी बसले, हात शेकत.
बापाच्या घरी राजाचे शिपाई उतरले होते, म्हणाले,
उतरले म्हणजे, विचारलं कुणी नव्हतं.
त्यातल्या एकाने आईच्या चांदीच्या चमच्याने
बुटाचा चिखल खरवडला
आणि चमचा परत ताटात ठेवला.
“शिपाई वाईट नव्हता हो. गाणी छान म्हणायचा.
पण दार त्याचं आहे असं त्याला वाटलं होतं.
कलम लिहायला बसलो की
तो चमचा असतो माझ्यासमोर.
चांगला राजा, वाईट राजा, मला फरक नाही.
सत्तेला खीळ हवी.”

मी खिळ्यांच्या पेटीकडे पाहिलं.
तेवढं तर आहे माझ्याकडे, म्हटलं मनात.

बाहेर क्वाको घोडा धरून उभा,
दुपारपासून. मिशांवर दव गोठलेलं.
साहेबांचे हातमोजे राहिले म्हणून आत आला,
आणि मांडणीसमोर थांबला.
“उलटं आहे,” म्हणाला.
त्याला वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
बहुतेक साहेबांनाही नसावं.
त्याने बोट टेकलं त्या नव्या ओळीवर,
हिरावणार नाही,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
गोठ्यातल्या अनोळखी जनावराला हात लावावा तसं.
बोट काळं झालं. त्याने पाहिलं.
पुसलं नाही.
“क्वाको!” बाहेरून हाक आली.
हातमोजे घेऊन गेला.

पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत.
मागच्या महिन्यातही हेच.

रात्री खाली वाकून
फळ्यांवरचा त्यांच्या बुटांचा चिखल खरवडला,
चमच्याने नव्हे, जुन्या सुरीने.
मग दिवा जवळ घेतला, शेवटच्या पानाच्या तळाशी
माझ्याकडच्या सगळ्यात बारीक खिळ्यांनी जुळवलं:
विधवा क्लाइनहान्स हिच्या छापखान्यात छापले.

काट मारलेला ‘देईल’ अजून टेबलावर होता.
सुटा केला, घरोघरी परत टाकला.
ती अक्षरं उद्या लागतील,
लिलावाची जाहिरात आहे:
एक नांगर, दोन गायी,
आणि एक माणूस, वय बावीस, धडधाकट.

खिळे हातात घेतले.
चूल विझत आली होती.
बसून राहिले.